चर्च माणूस घडवतं कसा आणि कामाला लावतं कसा

गोव्यातल्या मराठी माणसाला चर्च बाहेरून चांगलं ओळखीचं असतं. फेस्ताची फेरी, खाजं-लाडू, नाताळचा गोठा, नोव्हेनाच्या (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांत पहाटे जुन्या गोव्याच्या वाटेने चालत निघालेली माणसं, म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला तेल वाहणारे आपलेच मामा-काका. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या ख्रिस्ती आहे. म्हणजे शाळेत, बँकेत, मासळी बाजारात रोजची गाठ. तरी आत काय चालतं याची आपल्याला फारशी कल्पना नसते. दोन प्रश्न तर मी किती जणांकडून ऐकले असतील. पहिला: पाद्री व्हायला एवढी वर्षं कशाला लागतात? मीस म्हणायला, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना चालवायला, शिकणं ते किती? दुसरा जरा आवाज खाली आणून विचारला जातो: हे लोक एवढी सेवा करतात, ती नेमकी कशासाठी?

दुसऱ्या प्रश्नात संशय आहे, आणि गोव्याचा इतिहास बघता तो उगाच आलेला नाही. त्याकडे येऊच. पण दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. चर्चच्या शिकवणीत माणसाची आध्यात्मिक जडणघडण आणि त्याने केलेली लोकसेवा ही दोन वेगळी खाती नाहीत. सेवेवरून जडणघडण पारखली जाते. जडणघडण भक्कम असेल तर सेवा करणाऱ्याच्या डोक्यात हवा जात नाही. निदान जाऊ नये अशी योजना आहे. ती कुठे साधते आणि कुठे फसते, हे गोव्याइतकं ठळक क्वचित कुठे दिसेल. (इथे मी कॅथलिक चर्चबद्दलच बोलतोय. गोव्यात इतर पंथही आहेत, पण फिर्गज म्हणजे एका चर्चचा परिसर, विगार म्हणजे तिथला मुख्य पाद्री, इगर्ज म्हणजे चर्चची वास्तू, हे सगळं जग कॅथलिकांचं.)

सुरुवात बायबलमधल्या एका भांडणापासून करू. येशूनंतरच्या पहिल्या काही वर्षांत यरुशलेममधल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपावरून कुरबूर झाली. ग्रीक बोलणाऱ्या गटाचं म्हणणं, आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी सांगितलं की आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडून पंगतीची व्यवस्था बघत बसणं बरोबर नाही, तुम्हीच सात चांगली माणसं निवडा. हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. वाढपी निवडताना त्यांनी अट काय घातली बघा: माणूस पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेला हवा. मग त्या सातांवर हात ठेवून प्रार्थना केली. जेवण वाढायच्या कामाला दीक्षा! डीकन या पदाचं मूळ परंपरेने इथेच मानलं जातं.

आजही कोणी थेट पाद्री होत नाही. आधी डीकन व्हावं लागतं. चर्चच्या कायद्यानुसार डीकन आणि पाद्री या दोन दीक्षांमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर लागतं, आणि पाद्री होणाऱ्याचं वय २५ पूर्ण हवं. पाद्री झाल्यावर डीकनपद गळून पडत नाही, ते खाली तसंच राहतं. बिशप, आर्चबिशप, कार्डिनल, कितीही वर चढला तरी माणूस मुळात ‘वाढपी’च. सिद्धांत असा आहे. व्यवहारात काही फादर हे विसरतात, पण ते गावकऱ्यांना मी सांगायला नको.

आता त्या वर्षांचा हिशोब. युरोपात सोळाव्या शतकापर्यंत पाद्री होण्यासाठी सगळीकडे सारखं असं शिक्षणच नव्हतं. कुणी एखाद्या जुन्या पाद्रीच्या हाताखाली शिकायचा, कुणी विद्यापीठात, कुणी कुठेच नाही. त्याचे परिणाम इतके वाईट झाले की ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताने (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाने) सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, काढावी असा ठराव केला. गोव्यात सासष्टीतल्या राशोलला, म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांतल्या रायतूरला, झुआरीकाठच्या किल्ल्याच्या जागी जेझुइट या धर्मसंघाच्या पाद्र्यांनी उभारलेली वास्तू १६१० पासूनची. १७५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने जेझुइटांना हाकललं, पुढे ती धर्मप्रांताची सेमिनरी झाली आणि गोव्याचे पाद्री आजही तिथेच तयार होतात. मराठी माणसाने राशोलचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये इथेच छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती. ती मोडण्यापेक्षा तिच्यातूनच बायबल सांगावं असा विचार त्यामागे होता. सामान्य भाविकाची जडणघडण त्याच्याच छंदात करण्याचा हा प्रयत्न. चारशे वर्षांपूर्वीचा आणि आपल्या भाषेतला.

पाद्री व्हायचं ठरवलेला मुलगा साधारणपणे आधी बारदेशातल्या साळगाव-पिळर्णच्या सेमिनरीत जातो, नंतर राशोलला. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान सहा वर्षं शिकलीच पाहिजेत असा चर्चचा कायदा आहे. आधीचं तयारीचं वर्ष, मधे कधी तरी सेमिनरीबाहेर प्रत्यक्ष कामाचा काळ, शेवटी डीकन म्हणून फिर्गजेत घालवलेले महिने, असं धरत गेलं की आकडा सहज आठ-दहाच्या घरात जातो. एमबीबीएसची पुस्तकं पाठ असलेल्या पण पेशंटला कधी हात न लावलेल्या मुलाकडे आपण जाणार नाही, तसंच हे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये पाद्र्यांच्या घडणीवर एक सविस्तर पत्रक काढलं. त्यात घडणीची चार अंगं सांगितली आहेत: माणूस म्हणून घडणं, आध्यात्मिक, बौद्धिक आणि लोकांमध्ये काम करण्याची घडण. पाया कशाला म्हटलंय? पहिल्याला. मुलगा रागावर ताबा ठेवू शकतो का, बायकांशी सरळ बोलू शकतो का, ‘नाही’ ऐकून घेऊ शकतो का, पैशाचा हिशोब देतो का, एकटेपणा झेपतो का. हे कच्चं असेल तर वरचे तीन मजले कोसळतात. जगभरात पाद्र्यांनी केलेल्या अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर हा मुद्दा किती खरा होता हे चर्चला फार महागात कळलं. २०१६ मध्ये रोमने सेमिनरींसाठी जो नवा आराखडा दिला, त्यात लहान मुलांच्या सुरक्षिततेची बाजू म्हणूनच स्पष्टपणे घातली आहे.

या यंत्रणेतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. सेमिनरीत दोन वेगळी माणसं मुलाकडे बघत असतात. एक रेक्टर. तो मुलाचं वागणं, अभ्यास, शिस्त पाहतो आणि बिशपला सांगतो की याला पुढे न्यावं की घरी पाठवावं. दुसरा आध्यात्मिक मार्गदर्शक. त्याच्यापाशी मुलगा मन मोकळं करतो: शंका, मोह, भीती, ‘मला हे जमेल का’ची रात्रीची तगमग. मुलाला दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना या मार्गदर्शकाचं मत कधीही विचारायचं नाही, अशी कायद्यातच बंदी आहे. कुमसार (पापांची कबुली) ऐकणाऱ्या पाद्रीचंही तसंच. कारण उघड आहे. ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं त्याच्याच हातात निकाल असेल, तर कोण खरं बोलेल? आपल्या किती संस्थांनी, किती शाळांनी एवढा विचार केलाय?

राशोलमध्ये हे काम केलेला एक माणूस अख्ख्या गोव्याला माहीत आहे. आग्नेल डिसोझा. १८६९ मध्ये हणजुणेत जन्म, पिलारच्या मिशनरी संस्थेचे पाद्री, आयुष्याची शेवटची वर्षं राशोलला आध्यात्मिक मार्गदर्शक. २० नोव्हेंबर १९२७ रोजी तिथेच वारले. रोमने त्यांना ‘व्हेनरेबल’ म्हटलंय, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी ते चढलेत. मुंबईत आणि गोव्यात फादर आग्नेल या नावाच्या ज्या शाळा-कॉलेजं आहेत, ती यांच्या नावाची. गंमत अशी की ते स्वतः मोठ्या संस्था उभारणारे नव्हते. प्रार्थना, प्रवचन आणि एकेका मुलाशी बोलणं, एवढंच. इमारती मागाहून इतरांनी बांधल्या.

मार्गदर्शक मुलाला जी रोजची सवय लावतो, ती कुणीही करून बघण्याजोगी आहे. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने ती घालून दिली आणि जेझुइटांबाहेरही ती पसरली. दिवस संपताना थोडा वेळ गप्प बसायचं. आधी दिवसात जे चांगलं मिळालं त्याबद्दल आभार. मग स्वतःकडे स्वच्छ बघता यावं म्हणून प्रार्थना. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोर आणायचा: कुठे मन उमललं, कुठे आक्रसलं, कुणाशी तुटकपणे बोललो. जिथे चुकलो त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक बारीक निश्चय करायचा. बारीक. ‘मी चांगला होईन’ असला निश्चय इथे चालत नाही. ‘उद्या त्या आजारी बाईला फोन करीन’ हा चालतो. प्रार्थनेतून सेवेकडे जाणारी वाट इतकी लहान असते.

पण हे सगळं पाद्र्यांचं झालं. फिर्गजेत विगार एक, त्याच्या हाताखाली फार तर एक-दोन फादर, आणि बाकी सगळे संसारी लोक. त्यांची घडण कुठे होते? पूर्वी उत्तर सोपं होतं: लहानपणी रविवारची दोतोर्न (धर्मशिक्षण), मग कुमगार (मिसात मिळणारी पवित्र भाकरी), नंतर लग्न, नंतर मरणाला मीस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) ठासून सांगितलं की लोकसेवेचं कर्तव्य पाद्री देतो म्हणून येत नाही, बाप्तिस्म्याबरोबरच येतं. आता ते लोकांत उतरवायचं कसं? एक उत्तर आफ्रिकेतून आलं आणि आशियातल्या बिशपांनी १९९० च्या बांडुंग बैठकीनंतर ते उचलून धरलं: फिर्गजेचे लहान लहान तुकडे. वाड्यावरची काही घरं मिळून एक गट. गोव्यात याला ल्हान क्रिस्ती समुदाय म्हणतात.

शेजाऱ्यांच्या आग्रहाने अशा एका बैठकीला मी बसलो आहे. घरातल्या सालात (बैठकीच्या खोलीत) प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे टिपॉयवर मेणबत्ती आणि बायबल. पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झालेली, सात पायऱ्यांची. प्रार्थनेने सुरुवात होते आणि शुभवर्तमानातला एक उतारा वाचतात. मग ज्याला जो शब्द किंवा जेवढी ओळ भिडली तेवढीच तो मोठ्याने म्हणतो, पुन्हा म्हणतो. स्पष्टीकरण द्यायचं नाही. मला सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. एक आजी ‘मी भुकेलो आसलों’ एवढंच सावकाश तीनदा म्हणाल्या आणि थांबल्या. मग काही मिनिटं पूर्ण शांतता. आतल्या खोलीतला टीव्हीसुद्धा कुणी तरी बंद केला. त्यानंतर प्रत्येकाने तो शब्द आपल्याला का लागला ते सांगायचं, पण दुसऱ्याला उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही. हा नियम कडक असतो आणि तो पाळणं सगळ्यात अवघड, कारण प्रत्येक वाड्यावर एक तरी प्रवचनकार असतोच.

खरी मेख सहाव्या पायरीत आहे. तिथे विचारायचं असतं: आता आपल्याला काय करायला सांगितलंय? आणि त्याआधी: मागच्या वेळी ठरवलेलं झालं का? त्या दिवशी एक बाई म्हणाल्या, ‘वयल्या वाड्यावयलो म्हातारो दोन म्हयने मिसाक येवंक ना.’ कुणी म्हणालं, पाय सुजलाय. कुणी म्हणालं, मुलगा बोटीवर आहे, सून माहेरी. पाच-सात मिनिटांत ठरलं: एकाने गाडी काढून त्याला डॉक्टरकडे न्यायचं, दोन घरांनी आलटून पालटून रात्रीचं जेवण पोचवायचं, आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. मग सातवी पायरी, मोकळी प्रार्थना, आणि चहा. म्हातारा हिंदू की ख्रिस्ती हा प्रश्न तिथे आला नाही, कारण तो मिसाला येणारा होता हे सगळ्यांना माहीत होतं. पण ठरलेल्या कामांत शेजारची हिंदू घरं येतात हेही मी पाहिलंय. सहावी पायरी वगळली तर उरतं ते नुसतं भजनी मंडळ. आणि ती वगळली जाते. बऱ्याच वाड्यांवर लोक वाचून, गाऊन, चहा पिऊन उठतात. फादरलोक स्वतः ही तक्रार करतात.

हाच सांधा आणखी जुन्या एका संघटनेत वेगळ्या रीतीने बसवलेला आहे. सांव व्हिसेंत पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी. कुणी तरी टोमणा मारला होता की तुमच्या धर्माने पूर्वी काय केलं ते सांगू नका, आज काय करता ते दाखवा. पोरं लाकूडफाटा घेऊन गरिबांच्या घरी गेली. आज ती फिर्गजांमध्ये शाखा करून चालते, गोव्यातही. काम साधं आहे: सभासद जोडीने गरजू घरी जातात, बसतात, बोलतात, मग मदत ठरते. घरी जाणं महत्त्वाचं. चेक पाठवून भागत नाही. बैठकीत प्रार्थना होते, भेटींचा वृत्तान्त होतो आणि एक पिशवी फिरते. प्रत्येकाने हात आत घालून काढायचा. कुणी किती टाकले, टाकले की नाही, हे कुणाला कळत नाही. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लावणाऱ्या आपल्या देशात ही पिशवी मला फार आवडते.

कोरेज्माचे, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसही याच घडणीचे. प्रार्थना, उपास आणि दान, तिन्ही एकत्र. उपासात वाचलेले पैसे स्वतःकडे ठेवायचे नाहीत, गरिबाला द्यायचे. कारितास इंडियाची भूक आणि रोगांविरुद्धची मोहीम याच काळात चालते आणि फिर्गजांमधून पैसे गोळा होतात. आर्चडायोसिसची, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपच्या धर्मप्रांताची, स्वतःची कारितास गोवा ही समाजकार्याची संस्था वेगळी. मठवासी सिस्टर अनाथ मुलं, वृद्ध, आजारी माणसं सांभाळतात. शाळांबद्दल सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच शिकले असतील.

आता संशयाचा प्रश्न. १५४२ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले ते इस्पितळात राहिले. सकाळी रुग्णांची सेवा, तुरुंगातल्या कैद्यांची भेट, मग हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने हिंडत मुलांना दोतोर्नीला बोलावणं. सांता काझा द मिझेरिकोर्दिया ही लिस्बनमध्ये १४९८ साली निघालेली दानसंस्था गोव्यातही होती. तिचा पाया चौदा ‘दयेची कृत्यं’: सात शरीराची, सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. सहा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली, सातवं नंतर जोडलेलं. हे सगळं खरं आणि चांगलं.

त्याच काळात, त्याच शहरात, १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवायची सोय केली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. म्हणजे एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हातात सत्ता. अनाथाला आसरा देणं हे दयेचं कृत्य, पण मूल पळवून दिलेला आसरा दया कसा ठरेल? सेवा राजसत्तेला टेकली की तिचं काय होतं, हे शिकायला आपल्याला परदेशी उदाहरण शोधावं लागत नाही.

चर्चने आपल्या सेवेवर आज जी अट घातली आहे ती या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचावी. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मध्ये प्रेमसेवेवर काढलेल्या परिपत्रकात लिहिलं की प्रेम फुकट असतं, दुसरं काही साधण्यासाठी ते वापरायचं नाही, आणि सेवेच्या नावाने काम करणाऱ्याने आपला धर्म कुणावर लादू नये. त्याच परिपत्रकात दुसरी बाजूही आहे: वचन सांगणं, संस्कारविधी आणि सेवा ही चर्चची तीन कामं एकमेकांपासून तोडता येत नाहीत. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च २०१३ ला, म्हणाले की ख्रिस्ताची कबुली नसेल तर आपण एक दयाळू एनजीओ होऊ, चर्च होणार नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? माझ्या मते नांदतात, पण सोप्या नाहीत. रोज कुणी तरी सेवा करणाऱ्याच्या मनातला हेतू तपासायला हवा, आणि बाहेरून तो तपासता येत नाही. वर सांगितलेली रात्रीची ती गप्प बसायची सवय म्हणूनच शोभेची नाही.

सत्तेशिवाय केलेली सेवा कशी दिसते याचं गोव्याकडे स्वतःचं उदाहरण आहे. जुझे वाझ, १६५१ मध्ये बाणावलीत जन्म, घर सांकवाळचं. युरोपीय धर्मसंघ इथल्या पाद्र्यांना सहजी घेत नव्हते, म्हणून जुन्या गोव्यात काही गोंयकार पाद्री एकत्र राहून प्रार्थना करायला लागले. त्या गटाला वाझ यांनी १६८५ पासून ऑरेटरी, म्हणजे एकत्र राहणाऱ्या पाद्र्यांचा संघ, म्हणून आकार दिला. १६८७ मध्ये ते श्रीलंकेत शिरले, जिथे किनारपट्टी डचांच्या ताब्यात होती, मजुराच्या वेशात, कारण डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. कँडीच्या बौद्ध राजाने आधी पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्यांना घरच्यांनी रानात सोडून दिलं होतं त्यांना वाझ आणि त्यांचा एक पाद्री भाचा खाऊ-पिऊ घालत होते, धुऊन काढत होते, मेले तर पुरत होते. यांत बौद्धही होते. पाठीशी पोर्तुगीज तोफ नव्हती, राजाश्रय मागाहून आला. १७११ मध्ये ते कँडीतच वारले आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

घरच्या चर्चमध्येही हिशोब अजून पुरा झालेला नाही. कोंफ्रारी, म्हणजे फिर्गजेतले भाविकांचे बंधुसंघ, घ्या. मूळ हेतू किती चांगला: सभासद मेला की बाकीच्यांनी झगे घालून, खुरीस (क्रूस) आणि मेणबत्त्या घेऊन त्याला पोचवायचं, त्याच्यासाठी मीस म्हणून घ्यायचं, फेस्ताचा भार उचलायचा. गरिबाच्याही मयताला मान मिळावा म्हणून ही सोय. पण काही गावांत एखाद्या कोंफ्रारीचं दार ठरावीक जातीच्या गांवकारांपुरतंच उघडं राहिलं आणि फेस्त कुणी करायचं यावरून भांडणं कोर्टात गेली. चौदा दयेच्या कृत्यांत जात कुठे आली, हे विचारणारे ख्रिस्तीच होते आणि आहेत. आर्चडायोसिसचं सामाजिक न्याय आणि शांती मंडळ जमीन, खाणी, पर्यावरण यांवर बोलतं तेव्हा काही जणांना ते राजकारण वाटतं. मला वाटतं, भुकेल्याला भाकरी देणारा कधी तरी त्याची शेती कुणी बुजवली हे विचारणारच. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी बरोबर असेल असं नाही.

सध्याचा बदल संसारी लोकांच्या बाजूने होतोय आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटलाय. घरात एक-दोन मुलं, त्यांतलं एक दुबईत किंवा लंडनला. सेमिनरीत जाणारे पूर्वीइतके कुठून येणार? दोतोर्न शिकवणं, आजाऱ्यांना कुमगार नेणं, वाड्यावरच्या बैठका चालवणं ही कामं आमच्या भागात तरी मुख्यतः बायकाच करतात. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मिसात वचन वाचण्याचं आणि वेदीवर सेवा करण्याचं अधिकृत पद बायकांनाही खुलं केलं. मे २०२१ मध्ये दोतोर्न शिकवणाऱ्यांसाठी वेगळं कायमचं पद निर्माण केलं. ते बिशपच्या हस्ते विधीपूर्वक द्यायचं असतं, आणि त्यासाठी बायबल, धर्मशास्त्र, शिकवण्याची कला आणि लोकांत काम करण्याची तयारी हवी, शिवाय आधीचा अनुभव. तपशील कसे ठरवायचे हे त्या त्या देशाच्या बिशपांवर सोडलंय. दर रविवारी मिसाआधी किंवा नंतर इगर्जीच्या आवारात पोरांचे वर्ग भरवणाऱ्या टीचरला कुणी पंधरा वर्षं विचारलंही नसेल की तुला हे कुणी शिकवलं. आता तिच्या शिक्षणाची व्यवस्था करणं हे बिशपांचं काम झालंय.